स्टेशन ओढ्यापलीकडं गेलं

तिळेवाडीत घड्याळ एकच, स्टेशनमास्तरांच्या भिंतीवर, आणि तेही कुणी बघत नसे. कापूस भरायला स्टेशन आलं, स्टेशनाभोवती गाव वाढलं, आणि गावानं आपले कान स्टेशनाला देऊन टाकले. मागच्या स्टेशनातून पॅसेंजर सुटली की हमाल टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला हाणी. तो ऐकून माणसं चूळ भरत, कुलूप लावत, सासूच्या पाया पडून निघत. तरी गाडी सापडे.

एकतीस साली नवे रूळ पडले आणि स्टेशन ओढ्यापलीकडं, मैलभर लांब गेलं. त्या दिवशीचे पेढे चंद्रव्वानंही खाल्ले होते.

महिन्याभरानं सोलापूरहून कार्ड आलं. तिचा नवरा महादेवप्पा तिथल्या इस्पितळात पडून होता. शाळेच्या चिंतामणी मास्तरांनी कार्ड वाचलं. "बोलताहेत तोवर या, असं लिहिलंय. उद्या सकाळचीच गाडी धरा."

सकाळी ती गाठोडं घेऊन उंबऱ्यावर बसली. शेजारची निंगव्वा पोचवायला आली.

"निगायचं न्हाय व्हय?"

"टोला पडू दे की."

"व्हय की," म्हणत निंगव्वाही टेकली. सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगून झाली, ऊन जोत्यावर चढलं. मग ओढ्यापलीकडं धूर उठला आणि हळूहळू सोलापूरच्या अंगाला सरकला. दोघी बघत राहिल्या.

"आगं बया," निंगव्वा म्हणाली, "तितला टोला हितं कसा यील?"

चंद्रव्वा उठली आणि स्टेशनावर चालत गेली. नवे स्टेशनमास्तर म्हणाले, "आता उद्या, बाई. घरी जा."

"हितंच बसती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती इस्पितळात पोचली. महादेवप्पाच्या खाटेवर दुसराच माणूस होता. कंपाउंडरनं कागद चाळला. "काल तिसऱ्या प्रहरी गेले. आली का, आली का, विचारत होते. कालच्या गाडीनं यायला हवं होतंत."

"व्हय," चंद्रव्वा म्हणाली. भाजीचा भाव ऐकावा तशी तिनं मान हलवली. कंपाउंडर निघून गेला तरी ती हलली नाही.

"आक्का, पाणी द्या की तेवढं," खाटेवरचा माणूस म्हणाला.

तिनं त्याच्या मानेखाली हात घातला, पाणी पाजलं.

"तुमचं कोण हाय हितं?" त्यानं विचारलं.

"कोण न्हाय," ती म्हणाली, आणि पदरानं त्याची ओली हनुवटी पुसत राहिली.