नळगंगेचा कसूर

"मंग थे टोक खाल्लं कोनं?" शेषराव पाटलांनी विचारलं.

"पान्यानं," गफ्फार पिंजारी म्हणाला आणि कापसावर पिंजायची धनुकली धरून राहिला. तार वाजलीच नाही.

गादी भरेपर्यंत गिऱ्हाइकानं आपल्या कापसाशेजारी राखणीला बसायचं, ही मलकापूरची रीत. त्यामुळे समुद्र न पाहिलेल्या अख्ख्या गावाला गफ्फारच्या तोंडून त्याच्या जन्मगावाचा, खारटोकाचा, इतिहास पाठ होता. तापीच्या मुखाशी समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक. मुळाशी कबरस्तान, पुढे फिरंग्यांचा बुरूज, शेंड्यावर इंग्रजांचा दिवा. समुद्रानं हा इतिहास उलटा वाचत आणला होता. आधी दिवा गेला, मग बुरूज. आणि आज सकाळच्या गाडीनं गफ्फारचा पुतण्या येऊन सांगून गेला, कबरस्तानही गेलं. त्यात गफ्फारची अम्मी होती. दर शबे-बरातला, कबरींवर फुलं वाहायच्या रात्री, तिच्याकडे जायचं तो ठरवी, आणि दरसाल कोणाच्या तरी पोरीचं लग्न निघे, गाद्या निघत. त्याचं स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं होतं.

"कोन्तं पानी बे?" पाटलांचा गाडीवान कडूबा म्हणाला.

"समुद्राचं. अन् पुरात तापीचं बी."

कडूबाचा चेहरा उतरला. "पाटील, आपली नळगंगा पूर्णेले जाते. पूर्णा तापीले."

"म्हंजे आपनच?"

"अन् मी येडा पूर आला म्हून तिले नारळ वाह्यला!"

संध्याकाळी पारावर पंच बसले. नदी दोषी ठरली. "नदीचा काय कसूर?" गफ्फार म्हणत राहिला, पण आरोपीची बाजू घेणाऱ्या फिर्यादीचं कोण ऐकतं? नागपूरला अर्ज करावा असंही निघालं, पण मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारकडे समुद्रच नव्हता. अखेर ठरलं : जिनं अम्मीले नेलं, तिनंच फुलं पोचवावी.

शबे-बरात ऐन उन्हाळ्यात आली. दिवस कलताना गफ्फार मोगरा घेऊन नदीवर गेला. पात्रात वाळू होती आणि दोन गाढवं.

"थांब ना गफ्फारभाई, येऊन राह्यलो!"

मागून सगळी आळी विहिरीचं पाणी घेऊन येत होती. घागरी, बादल्या, कडूबाच्या गाडीवर पिंप. सगळ्यांनी एकदम ओतलं. फुलं हातभर गेली. मग वाळूनं पाणी पिऊन टाकलं.

"निंगाली ना?" पाटलांनी हळूच विचारलं.

"हाव," गफ्फार म्हणाला. "निंगाली."

लोक रिकाम्या घागरी घेऊन परतले. गफ्फार वाळूत बसला आणि एकेक फूल उचलून, उताराच्या बाजूला, थोडं पुढे ठेवू लागला.