गच्च रचलेली लाकडं

लेक दुपारी येणार होती आणि मला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. पुस्तक उघडायचं, अर्धं पान वाचायचं, उठून अंगणात जायचं, ताडपत्रीवर हात फिरवून परत यायचं.

"अहो, लाकडं काय पळून जाणारेत का?" बायको म्हणाली. तिचा खांदा ऑपरेशननंतर अजून पुरता सुटला नव्हता.

हिवाळ्यात आमचं घर लाकडाच्या शेगडीवरच तापायचं आणि त्यासाठी कुऱ्हाड आजवर तिनेच चालवली. मी ग्रंथपाल होतो. पुस्तकापेक्षा जड काही उचलल्याचं मला आठवत नाही. वसंतात तिचं ऑपरेशन झालं आणि लेकीने फर्मान काढलं, की हिवाळा दोघांनी तिच्याकडे, सातव्या मजल्यावर काढायचा.  तेव्हापासून बायको अंगणाकडे निरोप घेतल्यासारखी बघू लागली. मला ते बघवेना. फोनवर मी बोलून गेलो, "लाकडं मी फोडीन. थंडी पडली की ये. शेगडी नीट पेटली तर आम्ही इथेच राहू. नाही पेटली तर मुकाट्याने तुझ्याबरोबर येऊ."

"तुम्ही?" लेक म्हणाली. ती हसली नाही, हेच जास्त लागलं.

मग मी उन्हाळाभर ओंडक्यांशी झगडलो. सुरुवातीला कुऱ्हाड लाकडात रुतायची आणि मीच तिला लोंबकळायचो. बायको दारात स्टुलावर बसून शिकवायची. "मधोमध नका मारू. ती भेग दिसतेय ना, तिथे. आणि डोळे उघडे ठेवून मारा!"

फोडणं मी तिच्याकडून शिकलो. रचणं मात्र तिला बघू दिलं नाही. ती व्यायामासाठी दवाखान्यात गेली की मी रचत असे. वाटलं, जन्मभर आपण दुसरं काय केलं? सारख्या जाडीचे तुकडे एका रांगेत, टोकं एका रेषेत, मधे बोटही शिरणार नाही असे. वरून ताडपत्री, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून दगडांनी दाबलेली. गाठींचे, वाकडे तुकडे काही केल्या रांगेत बसेनात. ते लेकीच्या नजरेस पडू नयेत म्हणून अंगणातल्या शेडच्या मागे, पत्र्याच्या वळचणीखाली भिरकावून दिले होते.

लेक यायची वेळ जवळ आली तसं न राहवून मी ताडपत्रीखाली हात घालून रांगेतली चार लाकडं ओढली आणि शेगडी पेटवून पाहिली. लाकडं सूं सूं करू लागली. टोकांतून पाणी फेसाळलं आणि धूर खोलीभर झाला. 

बायको खोकत अंगणात गेली. "उचला ती ताडपत्री."

आतून कुबट वास आला. माझ्या सुंदर रांगांवर पांढरी बुरशी धरली होती.

"अगंबाई! कपाटात लावलीत की काय?" ती हसली आणि एका तुकड्यावरची बुरशी तिने नखाने खरवडली. "ओली लाकडं होती हो. वारा नको का खेळायला?"

"मला वाटलं, वाऱ्यापासूनच जपायचं असतं."

"विचारलं का नाहीत?"

"तुला दाखवायचं होतं."

 मी वेड्यासारखा रास उपसू लागलो. आता उपसून काय होणार, हे कळत होतं, पण हात थांबेनात. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. लेक उतरली. तिने अंगणभर पसरलेली लाकडं पाहिली, खिडकीतून निघणारा धूर पाहिला.

"बाबा, ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं," मी म्हणालो. बायकोकडे बघायचं धाडस होईना. काहीतरी आणायला जातो असं दाखवून मी शेडच्या मागे जाऊन लपलो.

तिथे त्या टाकून दिलेल्या ढिगावर बसलो. खालचा एक तुकडा सरकून दुसऱ्यावर आपटला. टण्ण! ओलं लाकूड असं वाजत नाही, एवढं मला एव्हाना कळत होतं. मी तुकडा उचलला. हलका होता. टोकाला बारीक चिरा पडल्या होत्या. दुसरा उचलला. तोही तसाच.

मी कवेत मावतील तेवढे घेऊन आत आलो आणि कुणाशी न बोलता शेगडीत रचले.  पहिली काडी विझली. दुसरी धरली. ज्योत एका वाकड्या तुकड्याच्या खाचेत शिरली आणि बघता बघता शेगडी धडधडू लागली.

लेकीने हात शेकायला पुढे केले. "पेटली खरी. पण ही लाकडं कितीशी पुरणार?"

"बाहेरची वाळेपर्यंत," बायको म्हणाली.

"आणि नाही वाळली तर?"

"तर ये आणि ने आम्हाला. पण आता कोट काढ आणि यांना हातभार लाव. एकट्याने रचायला दिलं तर पुन्हा वाचनालय करून ठेवतील."

लेक पहिल्यांदा हसली. "बरं. पण सारखी येऊन बघणार आहे मी."

आम्ही दोघं रचायला लागलो. बायको स्टुलावर. लेकीने दोन तुकडे फट सोडून ठेवले. मला ती फट बघवेना. अंगठ्याने मी एक तुकडा हळूच आत सरकवला.

"अहो!" दारातून आवाज आला.

मी तो परत बाहेर ओढला.