तलासरीची बुटकी खाट

मी तलासरीची लोखंडी खाट बोलतेय. हो, तीच बुटकी. हसू नका. मला बघायला पार पालघरहून माणसं येतात. तुम्हाला बघायला कोण येतं?

माझा जन्म वसईच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी चांगली उंच होते. पांढराशुभ्र रंग, बाजूला कठडा, पायांना रबरी बूट. "नर्सला वाकावं लागणार नाही अशी उंची ठेवलीय," असं तिथला साहेब येईल त्याला सांगायचा. मला त्या उंचीचा भारी तोरा होता.

२०१७ च्या दिवाळीनंतर मला आणि माझ्या बहिणींना टेम्पोत घालून तलासरीला आणलं. दुखण्यातून उठलेल्या, पण घरी सांभाळायला कोणी नसलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारने इथे वॉर्ड काढला होता. थोडे दिवस राहायचं, हिंडतंफिरतं होऊन घरी जायचं. दक्षा मॅडम नावाच्या अधिकारी बाईंनी तो उभा केला होता. अशी माणसं किती आणि खाटा किती लागतील, हे ठरवायला त्यांनी पाडेच्या पाडे पालथे घातले होते. हा वॉर्ड चालला तर डहाणू शहरात मोठा निघणार होता. नाही चालला तर आमची रवानगी दुसऱ्या तालुक्यात.

आणि वॉर्ड काही चालेना. म्हातारी माणसं यायची आणि दुसऱ्याच दिवशी "घरी न्या" म्हणून हट्ट धरायची. का, ते कोणी सांगेना.

अशात जिजाआजी आल्या. ओट्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. त्यांची एकुलती लेक रूपी उंबरगावच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. घरात तिसरं माणूस नाही. "आये, तू इथं राहिलीस तरच माझं काम टिकंल," असं म्हणून डोळे पुसत ती बस पकडायला धावली.

जिजाआजींना माझ्यावर निजवलं. त्यांनी कठडा जो घट्ट धरला तो सोडेचनात. जेवण नाही, झोप नाही. शेवटी वॉर्डातल्या मावशींकरवी त्यांनी गोधडी खाली घालून घेतली आणि माझ्या शेजारी भुईवर आडव्या झाल्या. संगीता सिस्टर रागावल्या तर म्हणतात कशा, "भुईवरून कोण पडलाय का?" माझा इतका अपमान आजवर कोणी केला नव्हता.

नेमके त्याच दुपारी जिल्ह्याचे मोठे साहेब पाहणीला आले. रिकाम्या खाटांवरून नजर फिरवून म्हणाले, "मॅडम, इथे गरजच दिसत नाही. महिनाअखेर खाटा हलवू." सुट्टी म्हणून आईला भाकरी घेऊन आलेली रूपी दारातच उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं.

साहेब गेले तशा दक्षा मॅडम जिजाआजींजवळ भुईवरच मांडी घालून बसल्या. "आजी, खाट नको की उंची नको?"

"खाट बरी हाय, बाय. पण बसलं का पाय भुईला लागाय पायजे. मना भ्या वाटतं. एकदा पडलीय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"सरकारची वस्तू. तिला नावं कशी ठेवायची?"

मॅडमनी संगीता सिस्टरांकडे पाहिलं. खाट बुटकी झाली तर कंबर सिस्टरांचीच मोडणार होती. सिस्टर म्हणाल्या, "मला एक बसकं स्टूल द्या. भागवीन मी."

साहेबांना फोन लावून मॅडमनी परवानगी काढली आणि नाक्यावरचा वेल्डर लाहू आला. त्याने माझे पाय कापले. ठिणग्या उडत होत्या आणि मी आतल्या आत बोंब ठोकत होते. उंची गेली, आता राहिलं काय, असं वाटलं. मग सिस्टरांनी जिजाआजींना माझ्यावर बसवलं. त्यांचे दोन्ही तळवे फरशीला टेकले. त्यांनी कठडा सोडला आणि चक्क हसल्या. त्यानंतर मी उंचीसाठी कधी रडले नाही.

माझ्यामागून सगळ्या बहिणींचे पाय कापले गेले. बातमी पाड्यापाड्यांत पोचली. झाईहून एक कोळी आजोबा आले, कोसबाडहून शुक्रीआजी आल्या. महिनाअखेर साहेब आले तेव्हा एकही खाट मोकळी नव्हती. त्यांनी स्वतः टेप धरून माझी उंची मोजली आणि म्हणाले, "डहाणूच्या खाटा याच मापाच्या मागवा." ऐकलंत ना? माझ्या मापाच्या.

होळीच्या आधी जिजाआजी काठी टेकत घरी निघाल्या. रूपीचं काम टिकलं होतं. तिने हात पुढे केला तर म्हणाल्या, "सोड, मना चालता येतं. तुझी बस चुकंल." रूपी हसतही होती आणि रडतही होती.

आता २०१९ उजाडलंय. डहाणूचा वॉर्ड भरून वाहतोय, आणि मी अजून इथेच, कामात. तुम्ही कुठे म्हाताऱ्या माणसांसाठी खाटा मांडणार असाल तर माझं एवढं ऐका. आधी त्यांच्याजवळ खाली बसून विचारा. ती माणसं आपणहून तक्रार करायची नाहीत.

बरं, पुरे माझं पुराण. रखमीआजी केव्हाच्या दारात उभ्या आहेत, संकोचाने पुढे येत नाहीत. या आजी, बसा. खाट तुमचीच आहे.