सातच्या आकड्याजवळचा टवका

धाकटा भाऊ बाबांचं घड्याळ रुमालात गुंडाळून घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवत म्हणाला, "ताई, याचे जरा फोटो काढून दे. विकायला टाकावं म्हणतोय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांच्या आजारपणात दीड वर्ष रोज सकाळी त्या घड्याळाला चावी दिली ती मी. पट्टा तुटला तेव्हा बदलून आणला तोही मीच. आणि शेवटी बाबांनी ते बांधलं कुणाच्या मनगटावर? या लाडोबाच्या. तेव्हापासून त्याच्या मनगटाकडे नजर गेली की माझ्या पोटात दुखायचं. आता तर हा ते विकायला निघाला होता. 'मला दे' हे दोन शब्द अगदी ओठांवर आले होते, पण याच्यापुढे मी हात पसरायचा?

"ठेव तिथे," मी म्हटलं. "चार दिवस लागतील."

चार दिवस कसले, अर्ध्या तासाचं काम. जुन्या घड्याळांचे व्यापारी माझ्याकडे घरी घड्याळं पाठवतात आणि मी फोटो काढून देते. मागच्या खोलीच्या खिडकीला बटर पेपर चिकटवलाय, टेबलावर काळा पुठ्ठा, बाजूला थर्माकोलचा तुकडा. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर आणायचे आणि उजेड असा पसरवायचा की काचेवरचा एकही ओरखडा दिसू नये. ओरखडे गायब करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

या वेळी काटे तेवढे सवयीने दहा वाजून दहावर आणले, पण उजेडाचं मी नेमकं उलटं केलं. बटर पेपर काढून टाकला, पडदा ओढला आणि दिवा टेबलालगत आडवा ठेवला. आडव्या उजेडात काचेची सगळी लक्तरं बाहेर येतात. म्हटलं, आता बघू कोण घेतंय ते. गिऱ्हाईक मिळालं नाही तर घड्याळ परक्याच्या घरी जाणार नाही, आणि याची जरा जिरेल. जिरावी असं मला मनापासून वाटत होतं.

लांब ओरखडा बाबा त्याला सायकल शिकवत असताना भिंतीला घासून पडलेला. कडेचा पोचा त्याला झाडावरून उतरवतानाचा. इथेही सगळीकडे हाच, म्हणून मी आणखी चिडले. मग सातच्या आकड्याजवळ टवका दिसला, तिळाएवढा. तो माझा. मी सहा वर्षांची असताना बाबा घड्याळ बघायला शिकवत होते. सात कुठे आहे ते दाखवताना मी हातातलं कर्कटक काचेवर आपटलं होतं. बाबा रागावले नाहीत. काचही त्यांनी कधी बदलली नाही. त्या टवक्याचा मी जवळून एक वेगळा फोटो काढला आणि तो माझ्याकडेच ठेवला. बाकीचे त्याला पाठवून दिले.

पाचव्या दिवशी तो घड्याळ न्यायला आला.

"गेलं, ताई. टाकल्यावर दोन तासांत. तो माणूस म्हणाला, इतके खरे फोटो कधी बघितले नव्हते. ओरखडे लपवत नाहीत ते आतल्या यंत्राबद्दल कशाला खोटं बोलतील, म्हणे."

मी रुमालाची घडी पुढे सरकवली. त्याने ती उचलली नाही.

"खरं सांगू? मला विकायचं नव्हतंच," तो म्हणाला. "वाटलं होतं, चार दिवस तुझ्याजवळ राहिलं की तूच मागशील. आपणहून दिलं असतं तर तू माझ्या तोंडावर फेकलं असतंस. मग ते फोटो आले. म्हटलं, ताईला हे घड्याळ डोळ्यांसमोरही नको आहे. म्हणून दिलं विकायला टाकून."

मी खुर्चीत बसले. "नाही म्हणून सांग त्याला."

"शब्द दिलाय गं. उद्या सकाळी यायचाय तो. तुझ्याच फोटोंवर विश्वास ठेवून निघालाय, तीनशे कोसांवरून." मग माझा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, "जपेल तो. काच तेवढी नवी बसवून घेणार आहे."

मी रुमाल उघडला. काटे अजून दहा वाजून दहावरच होते. टवक्यावरून बोट फिरवलं, नखाला तो लागला.

"त्याला म्हणावं, जुनी काच टाकून देऊ नको," मी म्हटलं. "ती मला दे."