तुम्ही रोज काय करता?

पाहुणे मला बघायला येणार, म्हणून सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उंबऱ्यापासून परसापर्यंत नुसत्या येरझारा चालल्या होत्या. "बस की गं एका जागी," माय दोनदा ओरडली. पण बसवतच नव्हतं.

पाहुणे जिंतूरचे. मुलगा गुरुलिंग, हैदराबादेत सरकारी दफ्तरात अहलकार, म्हणजे कारकून. त्याची एकच अट होती, बायकोला इंग्रजी बोलता आलं पाहिजे. आता निजामाच्या राज्यात पोरांना शाळेत उर्दू आणि पोरींना घरात चूल! लिंगायताच्या घरची इंग्रजी बोलणारी पोर आणायची कुठून? या अटीपायी त्याच्या बऱ्याच सोयरिकी फिसकटल्या होत्या. हे कळलं आणि आमचे विरूपाक्षमामा इरेला पेटले. ते सोलापुरात गिरणीच्या कचेरीत नोकरी करून सोनपेठला परतलेले, इंग्रजी जाणणारे. सोयरीक त्यांनीच आणली आणि मला शिकवायलाही तेच बसले.

त्यांनी मला एकच काळ शिकवला, साधा वर्तमानकाळ. "काल काय झालं अन् उद्या काय हुईल ते राहू दे. तू आपलं रोजचं बोल." पण रोजचं बोलणंही सोपं नव्हतं. मी उठते तर 'आय गेट अप', दुसरं कुणी उठलं तर 'गेट्स अप'. तो मधला 'स' माझ्या तोंडून हमखास गळायचा. कधी मी 'आय ॲम गेट अप' म्हणायचे, की मामा कपाळाला हात लावायचे. "एक क्रियापद पुरे की गं, दोन कशाला जुंपतीस?" भाकरी थापताना, विभूती लावताना मी पुटपुटत राहायचे. शेवटी मायसुद्धा मामांना उठवताना 'गेट अप' म्हणू लागली.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. मुलगा कुठं शिकला, पुढं केवढा साहेब होणार, हे सगळे सांगत. तो रोज काय करतो, हे कुणी सांगेना. संसार तर रोजचाच असतो ना!

दुपारी पाहुणे आले. शरणार्थ, शरणार्थ म्हणत नमस्कार झाले. मुलाचे वडील मन्मथअप्पा माझ्या अप्पांशेजारी लोडाला टेकले. मामा पाहुण्यांच्या बैलांना पाणी दाखवायला बाहेर गेले. मी चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या ताटल्या मांडून सतरंजीवर बसले.

"हं, विचार," मन्मथअप्पा मुलाला म्हणाले.

"व्हॉट डू यू डू एव्हरी डे?" गुरुलिंगनं विचारलं.

मी धडाधडा सुरू झाले. "आय गेट अप अर्ली. आय वर्शिप शिवा. माय मदर मेक्स भाकरी. आय हेल्प हर." अप्पांची छाती फुगली. गुरुलिंगचा चेहरा मात्र पार उतरला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही अट बायको मिळावी म्हणून नव्हतीच, मिळू नये म्हणून होती!

माझं डोकं भणभणलं. "अँड व्हॉट डू यू डू एव्हरी डे?" मी उलट विचारलं.

"वा! पोरगीच परीक्षा घ्यायली," मन्मथअप्पा हसले.

गुरुलिंगनं सगळ्यांकडे पाहून घेतलं. कुणालाच काही कळत नव्हतं. मग तो भराभर बोलला. "आय गो टु ऑफिस. देन आय गो टु अ वुमन्स हाउस. शी कुक्स फॉर मी. शी वेट्स फॉर मी. आय लिव्ह देअर. माय फादर डज नॉट नो. प्लीज, यू से नो."

सगळे वा वा म्हणाले. मी आतून पेटले. दुसरी बाई आहे याचा राग कमी, नकार माझ्या तोंडून वदवून घेतोय याचा जास्त. पोरीनं नाही म्हटलं की गाव पोरीलाच नावं ठेवणार, हे याला माहीत नव्हतं? तेवढ्यात त्याच्या पाठीमागं दारात मला मामा दिसले. हातात रिकामी बादली होती. त्यांनी सगळं ऐकलंय हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"आता मराठीत सांग, महादेवी," अप्पा कौतुकानं म्हणाले. "आमालाबी कळू दे पाहुने काय म्हनले."

मी मान वर केली. "ते दफ्तरात जातेत. मग एका बाईच्या घरी जातेत. ती त्यांच्यासाठी रांधती, वाट बघती. ते तिथंच राहतेत. वडलांना ठाव न्हाई. अन् मला म्हनतेत, तूच नाही म्हन."

कुणी घासही गिळला नाही. "गुरुलिंग, काय सांगायली ही?" मन्मथअप्पांनी विचारलं.

तो सतरंजीकडे बघत म्हणाला, "तिचं इंग्रजी लय कच्चं हाय, बाबा. तिला उलटंच समजलं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. संतापानं माझे कान तापले. अप्पांची मान खाली गेली. आता मी खोटारडी ठरले असते आणि ही गोष्ट पार पाथरीपर्यंत गेली असती. मी मामांकडे पाहिलं. सोयरीक त्यांची, तोंडघशी तेच पडणार होते. त्यांनी बादली या हातातून त्या हातात घेतली.

"कच्चं न्हाई," मामा म्हणाले. "मी शिकवलंय तिला. अन् मी इथं दारातच हुतो. पोरगी शब्दाला शब्द बरोबर सांगायली."

मन्मथअप्पा उठून डोक्याला पटका बांधू लागले, पण पटका नीट बसेना. गाडी गेल्यावर मामा ओसरीत एकटेच बसून राहिले.

माय ताटल्या गोळा करत होती. आता ही माझ्यावर बरसणार म्हणून मी भिंतीला धरून उभी राहिले.

"ती बाई आजबी रांधून बसली असंल न्हाई?" मायनं विचारलं.

"असंल."

"नाव काय तिचं?"

"म्या विचारलं न्हाई."

"विचारायचं की गं," माय म्हणाली.