पाळण्यातला माइक

पृथ्वीराजनं लेकीच्या पाळण्याला माइक बांधला, तेव्हा श्रावणीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, बारसं आहे की तुमची लॅब?"

माइक कसला, ज्वारीचा दाणाच तो. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानात बसवायच्या मशिनीसाठी असले माइक बनवायचं काम होटगी रोडवरच्या एका लहानशा कंपनीत चालायचं, आणि पृथ्वीराजचा जीव त्या दाण्यात अडकला होता. एवढ्याशा माइकची रड ठरलेली. कुजबूज पकडायला जावं तर तिच्यावर खरखर चढते आणि कुणी जवळ ओरडलं की आवाज फाटतो. पृथ्वीराजनं आवाजाला आत दोन वाटा करून दिल्या होत्या, एक हळू आवाजाची, एक दणक्याची. दोन्ही जिथं मिळतात तिथला सांधा कानाला कळू नये म्हणून त्यानं रात्रीचा दिवस केला होता. सोमवारी पुण्याहून माणसं माइक बघायला येणार होती. पसंत पडला तर ठीक, नाहीतर काम बंद, असं वेणीमाधव सरांनी, म्हणजे त्याच्या साहेबांनी, तोंडावर सांगितलं होतं.

आणि बारशासारखी परीक्षा दुसरी कुठली? आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालायचे. कुजबूज आणि दणका, दोन्ही एकाच जागी.

आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण मायाक्का, मैंदर्गीची. नवऱ्याबरोबर पिठाची गिरणी चालवायची. भाऊ शिकावा म्हणून तिनं वर्षानुवर्षं त्या घरघरणाऱ्या पट्ट्याशेजारी उभं राहून लोकांची दळणं काढली. हल्ली फोनवर विचारावं एक, तर ती उत्तर देई भलतंच. अक्काचं लक्षच नसतं, असा निकाल पृथ्वीराजनं कधीच लावून टाकला होता.

बाळाचं नाव नवराबायकोनं ठरवलं होतं आणि पाळण्यामागच्या फलकावर पडद्याआड झाकून ठेवलं होतं. आत्याला मात्र ते आधी सांगणं भाग होतं. शुक्रवार पेठेतल्या त्या हॉलमध्ये गाणी दणदणत होती. पृथ्वीराजनं अक्काला खांबाआड नेऊन नाव सांगितलं.

"काय म्हनलास?"

त्यानं पुन्हा सांगितलं.

"जरा परत सांग की रं."

"कानात बोळे घातलेत का, अक्का? सगळ्यांना कळंल की!" तो खेकसला. त्याला वायर तपासायची घाई होती. शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या.

अक्का ओशाळी हसली. "कळलं, कळलं," म्हणाली.

गाणी थांबली, अक्का पाळण्यात वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. "एवढं काय सांगताय हो आत्याबाई, पुराण?" म्हणत बायकांनी तिला बडवायला सुरुवात केली. "कुर्रर्र!" असा एकच गलका झाला, पडदा सरकला आणि फलकावर चमचमत्या अक्षरांत 'आरोही' झळकलं. अक्कानं ते वाचलं आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

जेवणं उरकल्यावर बारशाला आलेले वेणीमाधव सर म्हणाले, "काय पृथ्वीराज, ऐकवता का?"

शहाण्या माणसानं आधी एकट्यानं ऐकलं असतं. पण याला मिरवायची हौस. त्यानं माइकचं रेकॉर्डिंग थेट हॉलच्या मोठ्या स्पीकरला जोडलं. आधी धपाटे ऐकवले. कुठंही आवाज फाटला नव्हता. कुठला धपाटा कुणाचा तेसुद्धा ओळखू येत होतं. बायका खिदळल्या, सरांनी मान डोलावली.

"आता कानातलं लावा," ते म्हणाले.

पृथ्वीराजनं रेकॉर्डिंग मागं नेलं आणि हळू आवाज वर उचलला. अक्काचा श्वास आला, बांगड्यांची किणकिण आली. मग ती बोलली.

"पोरी, तुजं नाव मला न्हाय गं कळलं. तुज्या बापानं दोनदा सांगितलं, मला ऐकूच न्हाय आलं. तिसऱ्यांदा सांग म्हनलं तर चिडतोय. मला आताशा लई कमी येतंय बघ ऐकू. कुनाला सांगू नगंस. मोठी झालीस की तूच सांग, मोठ्यानं."

खरखर औषधालाही नव्हती. असती तर पृथ्वीराजनं त्या खरखरीचे पाय धरले असते. हॉलमध्ये कुणी हलेना. सर आपल्या बुटांकडं बघत राहिले. पहिल्या रांगेत बसलेल्या अक्कानं भावाचा माइक वाजतोय एवढं ताडलं होतं. ती कौतुकानं शेजारणीला म्हणाली, "लई स्पष्ट ऐकू येतंय, न्हाई? माज्या भावानं केलाय."

धरणीनं पोटात घ्यावं असं पृथ्वीराजला झालं. साऱ्या जगाच्या कानांची काळजी वाहणारा हा इंजिनिअर, आणि सख्ख्या बहिणीला चारचौघांत विचारतो, कानात बोळे घातलेत का! माइकनं पहिल्याच फटक्यात जे ऐकलं, ते याला इतक्या वर्षांत ऐकू आलं नव्हतं.

तो उठला, अक्कासमोर जाऊन वाकला आणि तिच्या कानाला तोंड लावून मोठ्यानं म्हणाला, "आरोही, अक्का. आरोही."

नाव तिला फलकावरून कळलेलंच होतं. पण तिसऱ्यांदा सांगायचं राहिलं होतं.

अक्कानं त्याच्याकडं पाहिलं, मग लोकांच्या चेहऱ्यांकडं. पदर तिनं दोन्ही कानांवरून पुढं ओढून घेतला. "समद्यांनी ऐकलं व्हय रं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

मग हात उचलून तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "कुर्रर्र! नाव आत्यानं सांगायचं असतंय. बापानं न्हाय."

बायका हसल्या. धपाटा अगदी हलका होता. पृथ्वीराज वाकलेलाच राहिला, अजून एक जोरात बसेल म्हणून.