पत्त्याचा टाका

"भरायच्या चिंध्या, आणि वर नखरे किती," मावशी आत्याच्या कानाशी पुटपुटली. बाहुल्यांचं दुकान इतकं अरुंद होतं की पुटपुटणं दुसरीकडे कुठे टाकायला जागाच नव्हती.

खारूच्या मावशीशी बोलायचं म्हणजे आत्याला आधी दात आवळून घ्यावे लागत, आणि सकाळपासून तिचा जबडा दुखत होता.

खारू म्हणजे आत्याच्या भावाची पोर. गालात घास साठवून बसायची म्हणून खारू. आता ती स्टुलावर उभी राहून एकेका बाहुलीचा झगा वर करून आत चड्डी आहे का ते तपासत होती. तिची आई थंडीत एकदा "आलेच" म्हणून गेली ती गेलीच. बाप बोटीवर नोकरीला. तेव्हापासून पोर आपली पिशवी घेऊन कधी आत्याकडे, कधी मावशीकडे. उद्या बाप पुन्हा बोटीवर चढणार होता, आणि त्याआधी पोर कायमची कुणाकडे राहणार ते ठरायचं होतं. ते सोडून दोघी बाहुली घ्यायला आल्या होत्या.

"यांना तोंडंच नाहीत," मावशी म्हणाली.

"तोंड शेवटी," बाहुल्या शिवणाऱ्या काकू सुईवरून मान वर न करता म्हणाल्या. "आधी पोरीने हातात धरून बघायची. अंग टाकून लोंबली पाहिजे. ताठ बाहुली कडेवर बसत नाही, आणि झोपेत टोचते."

"मग ती पिवळ्या केसांची द्या. जरा बघण्यासारखी तरी आहे."

"तुमच्यावर गेलीय," आत्या म्हणाली. "केस रंगवलेले."

"आणि ती करडी तुमच्यावर, ताई. दार उघडायच्या आधी फटीतून बघणारी."

खारूने दोन्ही सोडून तळातली एक ओढून काढली. गादीच्या पट्टेरी कापडाची, एक हात दुसऱ्यापेक्षा लांब. हनुवटीखाली दाबली तर ती लगेच मान टाकून तिथे मावली.

"हिला चड्डी नाहीये," खारू म्हणाली. "मी माझी देईन."

"माझ्यातर्फे हो खारू," मावशी म्हणाली.

"माझ्यातर्फे," आत्या म्हणाली. "कालच ठरलंय."

"कुणाशी ठरलं? आरशाशी?"

काकूंनी बाहुली मागून घेतली. दोन डोळे घातले. तोंडाशी आल्यावर खारू म्हणाली, "हसरं नको. रात्री पण हसत बसेल." मग एक सरळ टाका आला. काकूंनी झग्याची खालची दुमड उलटी केली आणि सुईत निळा दोरा ओवला.

"पत्ता सांगा."

"कसला पत्ता?"

"घराचा. पोरं बागेत विसरतात, बसमध्ये विसरतात. पत्ता असला की कुणीतरी आणून देतं. बिनपत्त्याची बाहुली मी देत नाही."

मघाशी एकमेकींच्या तोंडातला शब्द हिसकावणाऱ्या दोघी एकदम बाहुल्यांचे झगे नीट करू लागल्या.

"ताईंचा घाला," मावशी शेवटी म्हणाली. "बापाची बहीण. रक्ताचं नातं."

"छे, मायेचं बघावं," आत्या म्हणाली. "माय मरो पण मावशी उरो, म्हणतात ना."

"म्हणणाऱ्यांनी मावशीच्या खोल्या मोजल्या नव्हत्या. तुमच्याकडे तर मागची खोली रिकामी आहे."

"तिथे सासूबाई आहेत. अंथरुणाला खिळल्यात."

"परवा बाजारात भेटल्या मला. चालत अशा होत्या की मला गाठता येईना."

आत्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोर टाळताना एकटी मावशीच पकडली गेली असती तर किती बरं झालं असतं.

"नुसतं नाव घाला मग," ती म्हणाली.

"नाव वाचून आणून द्यायची कुठे?" काकू म्हणाल्या. "दोन पत्ते मावणार नाहीत. एकच काय तो सांगा."

"ताईंचाच."

"यांचाच."

सुई दुमडीवर थांबून राहिली. खारू या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. गाल फुगलेले, आत घास नव्हता. तिने स्टुलावर बसून पायाजवळची पिशवी उचलून मांडीवर घेतली. आता कुणाकडे निघायचं हे ठरताना ती नेहमी तसंच करायची. कुणी सांगायच्या आत. आत्याने ते कितीदा बघितलं होतं, आणि पोर किती शहाणी म्हणून शेजारणीपाशी कौतुकही केलं होतं.

तिने खारूच्या कानांवर दोन्ही तळवे ठेवले. तळव्यांनी आवाज अडत नाही हे तिला माहीत होतं, पण हात काढवेनात.

"दोरा तसाच राहू द्या, काकू. आधी भावाला गाठते. बोटीची नोकरी सोड म्हणावं."

"काय सांगणार त्याला?" मावशीने विचारलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"खरं ते. की ही पोर आपल्याला नकोय. मलाही नको, तुम्हालाही नको."